प्रवासात बाहेरचा गोंगाट अडवणारे इअरफोन कसे निवडावेत

चिपळूणहून रत्नागिरीला रेल्वेच्या साध्या डब्यातून, उघड्या खिडकीशेजारी बसून जाणाऱ्याला इअरफोनची परीक्षा घ्यायची असेल, तर त्याने उक्षी आणि भोके या स्थानकांमधला करबुड्याचा बोगदा येईपर्यंत थांबावे. सुमारे साडेसहा किलोमीटर लांबीच्या या बोगद्यात चाकांचा खडखडाट भिंतींवर आदळून पुन्हा डब्यात येतो. अशा वेळी अंगठा आपसूक आवाज वाढवण्याच्या बटनाकडे वळला, तर इअरफोन बाहेरचा आवाज अडवण्यात कमी पडत आहेत असे समजावे. हा केवळ सोयीचा प्रश्न नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेनुसार प्रौढ व्यक्तीने 80 डेसिबलचा आवाज आठवड्यात 40 तासांपर्यंत ऐकावा, आणि दर 3 डेसिबलच्या वाढीला ही मुदत निम्मी होते. म्हणजे 89 डेसिबलला ती जेमतेम पाच तासांवर येते.

गोंगाट अडवण्याचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात सिलिकॉनची किंवा फोमची इअरटिप कानाची वाट बुचासारखी बंद करते. ‘नॉइज कॅन्सलेशन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या दुसऱ्या प्रकारात बारीक मायक्रोफोन बाहेरचा आवाज टिपतात आणि त्याच्या उलट लहरी कानात सोडून तो खोडतात. हा दुसरा प्रकार इंजिनाच्या एकसुरी घरघरीवर चांगला चालतो. शेजारच्या सीटवरच्या गप्पा, भांड्यांची खणखण, एसटीच्या सैल काचांची थडथड असे उंच पट्टीचे आणि अचानक उठणारे आवाज मात्र मुख्यतः इअरटिपच अडवते. शिवाय मांडव्याच्या लाँचवर वरच्या डेकला उभे राहिल्यास वारा थेट मायक्रोफोनवर आदळतो आणि पुष्कळदा तोच फडफडाट कानात ऐकू येतो. म्हणून माझ्या मते पैसे आधी घट्ट बसणाऱ्या जोडीवर खर्च करावेत. नॉइज कॅन्सलेशन त्यानंतर परवडले तर घ्यावे.

घट्ट बसणे म्हणजे काय, हे मला उशिराच कळले. एक बऱ्यापैकी महाग जोडी मी दोन महिने ‘पातळ आवाजाची’ म्हणून नावे ठेवत वापरली. दोष निघाला माझ्या डाव्या कानाचा: त्याची वाट उजव्यापेक्षा अरुंद असल्यामुळे मधल्या मापाची टिप तिथे आत न जाता तोंडाशीच अडकत होती. एका बाजूला मधले आणि दुसऱ्या बाजूला लहान माप लावण्यात काहीही गैर नाही, आणि खोक्यात निदान तीन मापे असावीत ती याचसाठी. इअरफोन घालताना दुसऱ्या हाताने कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढावा, म्हणजे कानाची वाकडी वाट थोडी सरळ होते आणि टिप नीट आत बसते. फोमची टिप असेल तर ती बोटांनी चेपून आत सरकवावी आणि फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद धरून ठेवावी. मग डबलबारीच्या भजनाचे एखादे चांगले रेकॉर्डिंग लावावे. पखवाजाच्या कणीक लावलेल्या बाजूचा घुमारा भरून ऐकू आला, तर टिप बसली. नुसती टाळांची किणकिण आणि पेटीच ऐकू आली, तर कुठेतरी फट आहे, कारण फट राहिली की सर्वांत आधी खर्जच निसटतो.

दुकानात स्वच्छतेच्या कारणाने सहसा कानात घालून पाहू देत नाहीत. तेव्हा बदलून मिळण्याची अट आधी विचारून घ्यावी, आणि टिप ज्या नळीवर चढते ती गोल आहे ना, हेही पाहावे. लंबगोल नळीसाठी बदली टिपा मिळवताना नाकी नऊ येतात.

किनारपट्टीवर घाम, पाऊस आणि खारी हवा यांचा विचार टाळता येत नाही. वस्तू पाण्यापुढे किती टिकते, हे ‘आयपीएक्स’ आणि त्यापुढचा आकडा सांगतो. आयपीएक्स 4 म्हणजे कोणत्याही बाजूने उडालेल्या पाण्याच्या शिंतोड्यांपासून संरक्षण. रोजच्या वापराला एवढे असावेच. आयपीएक्स 7 ची बुडवून घेतलेली चाचणी गोड्या पाण्यातली असते, त्यामुळे त्या आकड्यावर विसंबून समुद्रात उतरू नये. वायरलेस जोडीच्या डबीतील चार्जिंगच्या धातूच्या ठिपक्यांवर घामाचा थर साचतो, तो आठवड्यातून एकदा कोरड्या कापडाने पुसावा. वायरच्या इअरफोनची वायर शर्टाला घासली की खरखर कानात येते. ती कानावरून मागे वळवून घेतल्यास हा त्रास बराच कमी होतो.

इतका गोंगाट अडवणारी वस्तू महामार्गाच्या कडेने चालताना किंवा दुचाकीवर वापरू नये. फलाटावरही एक कान मोकळा ठेवावा, कारण गाडीचा फलाट बदलल्याची घोषणा आपल्यासाठी पुन्हा कुणी करत नाही.

सिलिकॉनच्या टिपा काढून साबणाच्या कोमट पाण्याने धुता येतात. फोमच्या टिपा घाम पितात आणि काही महिन्यांत फुगेनाशा होतात, म्हणून पावसाळ्यात मी सिलिकॉनच्याच वापरतो. आंघोळीनंतर कान पूर्ण कोरडे झाल्याशिवाय मात्र कोणतीही टिप घालू नये. दमट हवेत बंद, ओल्या कानात बुरशी लवकर धरते.