मंडळीच्या वर्षात प्रश्नोत्तरी कशी बसवावी

हायडेलबर्ग प्रश्नोत्तरी, म्हणजे प्रश्न-उत्तरांत मांडलेली ख्रिस्ती शिकवण, उपासनेत आणायची ठरली की सहसा जानेवारीच्या पहिल्या रविवारी पहिल्या प्रश्नापासून सुरुवात होते. १५६३ सालच्या या प्रश्नोत्तरीतले १२९ प्रश्न ५२ प्रभुवारांत (दर रविवारी एक भाग) विभागलेले आहेत, त्यामुळे वेळापत्रक आयतंच मिळतं. पण या हिशेबाने ख्रिस्तजन्माचे प्रश्न ३५ आणि ३६ (चौदावा प्रभुवार) एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात येतात, म्हणजे ऐन ईस्टरच्या आसपास. नाताळात मात्र प्रभूच्या प्रार्थनेचा शेवट चालू असतो. नेदरलँड्समधल्या डॉर्टच्या सिनॉडने, म्हणजे धर्मसभेने (१६१८–१९), दुपारच्या उपासनेत प्रश्नोत्तरीवर उपदेश करण्याचा नियम घालून दिला होता. तशी वेगळी उपासना असेल तर सलग क्रम ठीकच. एकाच उपासनेत सगळं बसवायचं असेल, तर आगमनकाळापासून (नाताळाआधीचे चार रविवार) त्रैक्य रविवारापर्यंत (पेंटेकॉस्टनंतरचा रविवार) सणांनुसार प्रश्न निवडावेत आणि उरलेल्या वर्षात सलग वाचावं.

आगमनकाळाच्या चार रविवारांना पहिला प्रश्न पुरतो: ‘जगण्यात आणि मरणात तुझं एकमेव सांत्वन कोणतं?’ उत्तर लांब आहे, एका दमात म्हणवत नाही. पहिल्या रविवारी फक्त पहिलं वाक्य घ्यावं: मी माझा नाही, माझ्या विश्वासू तारणाऱ्या येशू ख्रिस्ताचा आहे. दुसऱ्या रविवारी त्याला रक्ताने पापांची भरपाई आणि सैतानापासून सुटका जोडावी. तिसऱ्याला पित्याच्या इच्छेवाचून डोक्याचा केसही पडत नाही हा भाग, चौथ्याला पवित्र आत्म्याची खात्री. दर वेळी आधीचं सगळं पुन्हा म्हणायचं. नाताळापर्यंत मुलांनाही पूर्ण उत्तर पाठ झालेलं असतं. न्यायाला येणाऱ्या ख्रिस्ताबद्दलचा ५२वा प्रश्न यातल्या एका रविवारी मध्यस्थीच्या प्रार्थनेआधी घ्यावा, कारण तोही सांत्वनाचाच प्रश्न आहे. नाताळात ३५–३६. प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या रविवारी ३१ आणि ३२: ख्रिस्ताला अभिषिक्त का म्हणतात आणि आपल्याला ख्रिस्ती का म्हणतात.

ईस्टरआधीच्या उपवासकाळात प्रश्नोत्तरी पापांगीकाराच्या जागी नेमकी बसते. वाचकाने प्रश्न ३ ते ५ विचारावेत. नियमशास्त्र हे सगळं मागतं, ते तू पूर्णपणे पाळू शकतोस का? मंडळीचं उत्तर ‘नाही’पासून सुरू होतं. त्यानंतर अर्धा मिनिट शांतता, मग पापांगीकाराची प्रार्थना आणि लगेच पापक्षमेचा ५६वा प्रश्न. हा शेवटचा भाग कधीही गाळू नये. वेळ वाचवायला पाचव्यावर थांबलं की लोक दोष घेऊन बसतात आणि क्षमा ऐकायलाच मिळत नाही. पुढच्या रविवारांना ९ ते १८ मधले एक-दोन प्रश्न, झावळ्यांच्या रविवारी ३७, गुड फ्रायडेला ३९, ४० आणि ४४. चव्वेचाळिसावा, म्हणजे ख्रिस्ताच्या अधोलोकात उतरण्याचा प्रश्न, घाईत उरकण्यासारखा नाही. घोर यातनेत असलेल्या माणसाला त्यातून धीर मिळतो.

ईस्टरला ४५, पुढच्या रविवारी ५७ आणि ५८. बाप्तिस्मा असेल तर ६९, प्रभुभोजनाआधी ७५. स्वर्गारोहणाच्या गुरुवारी उपासना नसेल तर ४९वा प्रश्न पुढच्या रविवारी घ्यावा. पेंटेकॉस्टला, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याच्या सणाला, ५३, त्रैक्य रविवारी २४ आणि २५.

आता सलग भाग. तिसऱ्या विभागाचे, कृतज्ञतेचे, प्रभुवार ३२ ते ५२, म्हणजे एकूण २१. त्रैक्य रविवारानंतर आगमनकाळापर्यंत किमान २२ आणि कमाल २७ रविवार मिळतात. त्यामुळे ईस्टर कितीही उशिरा आला तरी या विभागातल्या दहा आज्ञा (११ प्रभुवार) आणि प्रभूची प्रार्थना (८ प्रभुवार) पूर्ण होतातच. उरलेल्या रविवारी पवित्र जनांची सहभागिता (५५) घ्यावी. प्रभुवारात अनेक प्रश्न असले तरी उपासनेत एकच वाचावा, फार तर दोन.

वाचन फसतं ते बहुतेक वेळा तीन कारणांनी. पुढच्या माइकवरचा माणूस उत्तरही मोठ्याने म्हणतो, मग मंडळी गप्प होते. प्रश्न संपला की त्याने माइकपासून बाजूला व्हावं. पडद्यावर प्रश्न-उत्तर एकत्र दाखवलं की लोक प्रश्न ऐकतच नाहीत, पुढचं वाचू लागतात. दोन वेगळ्या स्लाइड कराव्यात आणि मध्ये दोन सेकंद थांबावं. तिसरं, लांब उत्तर परिच्छेदासारखं छापलेलं असतं. एका ओळीत एका श्वासात म्हणता येईल एवढंच ठेवावं, साधारण सहा ते आठ शब्द. हे सगळं दोन-तीन मिनिटांत होतं. प्रश्नोत्तरी विश्वासांगीकाराच्या जागी घेतली तर त्या दिवशी प्रेषितांचा मतांगीकार वेगळा म्हणू नये, नाहीतर एकाच गोष्टीची दोनदा कबुली होते.

मुलांसाठी ल्यूथरची १५२९ची लहान प्रश्नोत्तरी सोपी आहे. ती घरातल्या वडीलधाऱ्यांनी शिकवावी म्हणूनच लिहिलेली आहे. मात्र दोन्ही एकत्र वापरताना आज्ञांचे क्रमांक तपासावेत. ल्यूथरकडे मूर्तींची मनाई पहिल्या आज्ञेतच धरली जाते, त्यामुळे ‘खून करू नको’ तिथे पाचवी आणि हायडेलबर्गमध्ये सहावी. संडे स्कूलमध्ये एक आणि उपासनेत दुसरा क्रमांक ऐकला की मुलं गोंधळतात. आज्ञा क्रमांकाने न सांगता तिच्या शब्दांनीच सांगावी.