अपुऱ्या दिवसांचं बाळ दूध वर काढतंय? या चुका टाळा

एनआयसीयूतून (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातून) घरी आलेल्या दीड-दोन किलोच्या बाळाने दूध टाकलं की घरात लगेच एक शब्द फिरतो: रिफ्लक्स, म्हणजे जठरातलं दूध अन्ननलिकेत वर येणं. मग गादीखाली उशी जाते, मेडिकलमधून थेंब येतात आणि सहाणेवर गुटी उगाळली जाते. मूळ घोटाळा मात्र बऱ्याचदा पोटात नसून घशात असतो. बाळाला चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ अजून जमलेला नसतो आणि आपण त्याला घाईघाईने पाजत असतो.

चूक पहिली: वय कॅलेंडरवर मोजणं

चोखणं, गिळणं आणि श्वास हा मेळ, गरोदरपणाचे आठवडे धरून, साधारण ३२ ते ३४ आठवड्यांच्या सुमारास जमू लागतो. त्यानंतरही तो पक्का व्हायला वेळ लागतो. म्हणून ३० आठवड्यांत जन्मलेलं आणि आज चार आठवड्यांचं झालेलं बाळ 'महिन्याचं' समजू नका, ३४ आठवड्यांचं धरा. त्याचा धाकट्या जावेच्या महिन्याच्या बाळाशी ताळमेळ लावला की पाजणं चुकलंच.

दूध वर येणं हे या वयात जवळपास सगळ्याच बाळांत होतं. अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली झडप मधूनच, गिळणं चालू नसतानाही, क्षणभर सैल पडते आणि दूध वर सरकतं. बाळ दिवसभर आडवं असतं, आहार सगळा पातळ, त्यामुळे ते तोंडापर्यंत पोहोचतं. वजन वाढतंय, बाळ शांत आहे, तर दुपट्यावरचा डाग धुऊन टाका आणि पुढे चला.

चूक दुसरी: श्वास अडला, ठोके उतरले की खापर रिफ्लक्सवर

इथे संशोधनाने बरेच समज मोडले. पूर्वी अन्ननलिकेत आम्ल मोजणारी नळी टाकायचे आणि पीएच (आम्लतेचं माप, जितकं कमी तितकं आम्ल जास्त) ४ च्या खाली गेला की रिफ्लक्स धरायचे. पण या बाळांना दर दोन-तीन तासांनी दूध मिळतं आणि दुधामुळे जठरातलं आम्ल बराच वेळ सौम्य होतं. म्हणजे दूध वर येण्याची शक्यता जास्त असते, नेमकी तेव्हाच ही तपासणी आंधळी. नंतर आलेल्या इम्पिडन्स तपासणीत नळीवर थोड्या थोड्या अंतरावर धातूची कडी असतात. दूध त्यांच्यावरून गेलं की दोन कड्यांमधला विजेचा रोध घटतो. हा बदल खालच्या कड्यापासून वरच्या कड्याकडे सरकला तर रिफ्लक्स, वरून खाली आला तर गिळणं. आम्ल असो वा नसो, दोन्ही दिसतं.

ही नोंद श्वास आणि हृदयाच्या आलेखाशेजारी ठेवल्यावर कळलं की श्वास थांबण्याचे बहुतेक प्रसंग रिफ्लक्सच्या वेळी घडतच नाहीत. काही वेळा श्वास आधी थांबतो आणि दूध नंतर वर येतं. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये याच आधारावर सांगितलं की अशा बाळांना रिफ्लक्सची औषधं शक्यतो देऊ नयेत. अमेरिकेतल्या कोलंबस इथे डॉ. सुदर्शन जदचेर्ला यांच्या गटाने अन्ननलिकेतला दाब मोजून घशाची प्रतिक्रिया अभ्यासली आहे: घशात पाण्याचा थेंब सोडला की बाळ गिळतं का, अन्ननलिकेची वरची झडप आवळते का. याच प्रतिक्रिया श्वासनलिकेचं रक्षण करतात.

घरच्यांसाठी याचा अर्थ सोपा. प्रसंग *केव्हा* घडतो ते लिहा. पाजत असताना ओठ निळे पडत असतील तर संशय गिळण्यावर घ्या. शांत झोपेत, पाजण्याशी संबंध नसताना श्वास थांबत असेल तर जंतुसंसर्ग, रक्तक्षय, अपरिपक्व मेंदू अशी वेगळी कारणं शोधावी लागतात आणि ते काम रुग्णालयाचं.

चूक तिसरी: पाजण्याची घाई

बाटलीच्या निपलचं भोक सुई तापवून मोठं करणं ही सगळ्यात महागडी युक्ती. धार वाढते, बाळ एकामागून एक घोट गिळत राहतं आणि श्वासाला जागाच उरत नाही. चेहऱ्याकडे पाहा: भुवया वर ताणलेल्या, बोटं फाकलेली, ओठांच्या कोपऱ्यातून दूध ओघळतंय, नाकपुड्या फुलतायत. बाळ थांबा म्हणतंय. तीन ते पाच चोषांनंतर बाटली खाली कलवा, श्वास घेऊ द्या, मग पुन्हा सुरू करा.

बोंडल्याने पाजत असाल तर बाळाला मांडीवर निम्मं उभं धरा, बोंडल्याची चोच खालच्या ओठावर कोपऱ्याशी टेकवा, थोडंसं दूध सोडा आणि गिळल्याची खात्री झाल्यावरच पुढचं. नाक दाबून किंवा गाल चेपून ओतणं म्हणजे दूध श्वासनलिकेकडे ढकलणं. अंगावर पाजताना पान्हा जोरात फुटत असेल तर पहिली धार वाटीत काढून टाका.

ठसका लागत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. ही बाळं पुष्कळदा न खोकताच दूध श्वासनलिकेत ओढतात. पाजल्यावर श्वासात घरघर, ओलसर आवाज, वारंवार न्यूमोनिया ही खूण. तेव्हा चालू एक्स-रेखाली बेरियम मिसळलेलं दूध पाजून गिळणं पाहतात, किंवा नाकातून बारीक दुर्बीण घालतात.

चूक चौथी: हिशेब न करता पाजणं

दीड किलोचं बाळ, दिवसाला किलोमागे १६० मिली सांगितलंय, तर एकूण २४० मिली. दोन तासांनी पाजलं तर एका वेळी २० मिली, तीन तासांनी ३० मिली. दूध टाकतं म्हणून पाळी चुकवली आणि पुढच्या वेळी ४० मिली दिलं की जठर ताणतं आणि झडप आणखी सैल पडते. डॉक्टरांना विचारून तेवढंच दूध जास्त वेळांत वाटा. नळीने देताना सिरिंजचा दट्ट्या काढून वीतभर उंचीवर धरा, दूध आपोआप उतरू द्या. दट्ट्याने ढकललेलं दूध झपकन जातं आणि तितक्याच झपकन वर येतं.

चूक पाचवी: घट्ट करणं आणि घरगुती उपाय

नाचणी सत्त्व किंवा पेज मिसळून दूध घट्ट करू नका. तांदळाची पेज आईच्या दुधातल्या पाचक रसामुळे पुन्हा पातळ होते, म्हणजे फायदा नाहीच, कच्च्या आतड्यांवर भार मात्र पडतो. झँथन गमच्या एका घट्टकाबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ मध्ये ३७ आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळांसाठी इशारा दिला होता, कारण एनईसी या आतड्याच्या गंभीर आजाराचा धोका.

गुटी, मध, ग्राइप वॉटर: नाही. न्हाऊ घालणाऱ्या मावशींना नाकात तेल सोडू देऊ नका, ते फुफ्फुसात उतरतं. पाजल्या पाजल्या पोटावर मालीशही नको.

आम्ल कमी करणारी औषधं मनाने सुरू करू नका. जठरातलं आम्ल जंतू मारतं. रॅनिटिडिन घेतलेल्या अशा बाळांत संसर्ग आणि एनईसी जास्त आढळले. उलटीवरच्या डोम्पेरिडोनने हृदयाची लय बिघडू शकते. शिवाय त्याचे थेंब सहसा एका मिलीत १० मिलिग्रॅमचे, तर सायरप १ मिलिग्रॅमचं असतं. बाटली बदलली आणि माप तेच ठेवलं तर डोस दसपट.

चूक सहावी: झोळी, उशी, घट्ट गुंडाळणं

झोळीत बाळाची हनुवटी छातीला टेकते, पोट दुमडतं, श्वासाची वाट अरुंद होते. कार सीटमध्येही तेच होतं. झोपवायचं सपाट, घट्ट गादीवर, उताणं. डोकं उंच केल्याने रिफ्लक्स घटल्याचा पुरावा नाही. डाव्या कुशीवर ठेवल्याने थोडा कमी होतो, पण ते मॉनिटर लावलेल्या वॉर्डातच. डिसेंबरात नाशिकजवळच्या निफाडचा पारा उतरला की पोटाभोवती दुपटी आवळली जातात. त्यापेक्षा कांगारू पद्धतीने आईच्या छातीवर उभं ठेवा, ऊबही मिळते आणि पोटावर पट्टा बसत नाही.

इथे थांबायचं नाही

हिरवी उलटी, रक्त, टम्म फुगलेलं पोट, दूर उडणारी उलटी, २० सेकंद श्वास थांबणं, निळेपणा, दूध अचानक सोडणं: १०८ ला फोन करा, रात्र असली तरी.

बाकी तक्रारींसाठी दवाखान्यात येताना २४ तासांची वही आणा: वेळ, मिली, किती वेळ लागला, टाकलं का, रंग बदलला का. वजन एकाच काट्यावर, कपड्यांशिवाय. मोबाइलवर एका पाजण्याचं चित्रण करा, चेहरा दिसेल असं. घरची तीच बाटली किंवा बोंडलं सोबत घ्या. शहरातले असाल तर वेळ जुळवून भुकेलं बाळ आणा, म्हणजे पाजताना समोर पाहता येईल. सुरगाणा, पेठ अशा नाशिक जिल्ह्यातल्या लांबच्या तालुक्यांकडून येणाऱ्यांनी पाळी चुकवू नये: वाटेत गाडी थांबवून पाजावं, ढेकर काढावा, थोडा वेळ उभं धरावं आणि मगच पुढच्या घाटाला लागावं.