महापुरानंतर आलेली मदत साथ रोखायला कशी वापरावी

कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली की शिरोळ-करवीरकडे मदतीचे ट्रक वळतात. मदत परदेशातली असो की पुण्या-मुंबईची, ट्रकमध्ये काय आहे यावर साथ थांबते, ट्रक किती यावर नाही. १९९२ ते १९९६ च्या युद्धकाळात बोस्नियात सुमारे १७ हजार टन निरुपयोगी औषधं येऊन पडली. ती नष्ट करण्याचा खर्चही पुढे डोक्यावर बसला.

म्हणून आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात बसून यादी करा आणि तीच दात्याला पाठवा: टीसीएल (पाणी शुद्ध करणारी क्लोरीनची ब्लीचिंग पावडर), ओआरएस, ओटी टेस्टचं (पाण्यात क्लोरीन उरलंय का ते रंगावरून दाखवणाऱ्या चाचणीचं) द्रावण. औषध पोहोचल्यावर किमान वर्षाची मुदत शिल्लक हवी, ही जागतिक आरोग्य संघटनेची अपेक्षा आहे. घरातल्या उरलेल्या गोळ्या घेऊच नका. त्या निवडण्यात आरोग्यसेविकेचा दिवस जातो, आणि त्या दिवसांत तिची गरज गल्लीत असते.

खरी लढाई विहिरीवर असते. गढूळ पाणी आधी उपसा, कारण गाळ क्लोरीन खाऊन टाकतो. मग पाणी मोजा: व्यास × व्यास × पाण्याची खोली × ७८५, मापं मीटरमध्ये, उत्तर लिटरमध्ये. ३ मीटर व्यास आणि ४ मीटर पाणी म्हणजे सुमारे २८ हजार लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम धरून ७० ग्रॅम टीसीएल लागेल. हे ३३ टक्के क्लोरीनच्या ताज्या पावडरीचं माप. दमट गोदामात उघडं राहिलेलं पोतं २५ टक्क्यांवर आलं असेल, तर हजार लिटरला ३.३ ग्रॅम घ्या.

पावडर बादलीत पाण्यात कालवून दहा मिनिटं निवळू द्या. वरची निवळ दुसऱ्या बादलीत घ्या, चुन्याचा गाळ विहिरीत टाकू नका. बादली दोरीनं पाण्याखाली सोडून वर-खाली हिंदकळवा. तासाभरानं ओटी टेस्ट करा. पिवळा रंग ०.५ च्या खुणेला पोहोचला नाही, तर पुन्हा टीसीएल घाला. हे काम रात्री केलेलं बरं, सकाळपर्यंत कुणी पाणी शेंदत नाही.

ओआरएसचं पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण ओता, अर्धं नाही. २४ तासांनी उरलेलं फेका. लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस, पुराच्या पाण्यातून होणारा ताप) गोळ्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सांगितल्याशिवाय वाटू नका.

एकाच गल्लीत एका दिवशी तिघा-चौघांना जुलाब लागले तर लगेच आशाताईंना कळवा आणि गावच्या पाण्यावर देखरेख ठेवणाऱ्या जलसुरक्षकाला त्याच गल्लीतल्या शेवटच्या नळावर ओटी करायला लावा. टाकीजवळ क्लोरीन सापडतं. फुटलेल्या पाइपात गटार शिरतं ते पुढे.