उपग्रह प्रतिमेवरून वनस्पती निर्देशांक काढताना

सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांच्या प्रतिमा विनामूल्य मिळतात. त्यांतील वातावरणीय दुरुस्ती झालेली (हवेमुळे येणारा फरक काढून टाकलेली) प्रतिमा घ्यावी आणि १० मीटर विभेदनाचे (एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे १० मीटर) चौथा (लाल) व आठवा (निकट-अवरक्त, म्हणजे लालपलीकडचा अदृश्य प्रकाश) हे पट्टे उघडावेत. निकट-अवरक्तातून लाल वजा करून येणाऱ्या फरकाला दोहोंच्या बेरजेने भागले की एनडीव्हीआय हा वनस्पती निर्देशांक मिळतो. टेक्सास ए अँड एम विद्यापीठातील संशोधकांनी १९७०च्या दशकात लँडसॅट या अमेरिकी उपग्रहाच्या पहिल्या प्रतिमांवर काम करताना वापरात आणलेले हे साधे गणित आजही तितकेच उपयोगी पडते, याचे मला खरोखर कौतुक वाटते.

मात्र त्याआधी प्रतिमेची प्रक्रिया-आवृत्ती (ती कोणत्या प्रक्रिया-पद्धतीने तयार झाली, हे सांगणारा क्रमांक) तपासणे अत्यावश्यक आहे. २५ जानेवारी २०२२ रोजी लागू झालेल्या ०४.०० या आवृत्तीपासून मूळ प्रतिमेच्या अंकांत १००० मिळवलेले असतात, आणि पुनर्प्रक्रिया केलेल्या जुन्या प्रतिमांतही ते असू शकतात. म्हणून केवळ तारखेवर विसंबू नये; १००० मिळवलेले असतील तर ते आधी वजा करावेत. लाल ४०० आणि निकट-अवरक्त ३६०० असल्यास निर्देशांक ०.८० येतो, पण १००० वजा करायचे राहिले आणि १४०० व ४६०० धरले गेले, तर तो ०.५३ वर घसरतो व धडधाकट जंगल विरळ झाल्याचा भास होतो.

ढग आणि त्यांच्या सावल्या वर्गीकरण थराच्या (प्रत्येक ठिपका ढग, सावली, वनस्पती वगैरे काय आहे हे सांगणाऱ्या, प्रतिमेसोबत येणाऱ्या थराच्या) आधारे वगळाव्यात. तरीही प्रतिमा एकदा डोळ्यांखालून घालावीच, कारण ढगांची विरळ कड त्या थरातून निसटू शकते.