मुलाला सिलिअ‍ॅक आहे आणि त्याला यूएस आर्मीत जायचंय: आमच्या घरची तयारीची यादी

सिलिअ‍ॅक म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे आतड्याला इजा होते तो आजार. गेलं दीड वर्ष आम्ही इथे न्यू जर्सीत या एकाच विषयात बुडालोय, त्यामुळे आता ओळखीत कोणाच्या मुलाला ग्लुटेनचं किंवा पोटाचं काही निघालं आणि त्याच्या डोक्यात आर्मीचं असलं की लोक माझा नंबर देतात. दर वेळी फोनवर सांगताना काहीतरी राहतंच, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढतेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

पोटाकडे वळायच्या आधी मुलाचं स्टेटस बघा. भरती व्हायला सिटिझन किंवा ग्रीन कार्ड लागतं, एच-४ वर, म्हणजे आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या मुलाला जाता येत नाही, आणि व्हिसावाल्यांना घेणारा जो मावनी प्रोग्रॅम होता त्याची भरती कधीच बंद झालीये. आपल्याकडे कितीतरी मुलं इथेच लहानाची मोठी होऊनसुद्धा अजून एच-४ वर आहेत, त्यांना हे सतराव्या वर्षी रिक्रूटरकडून कळलं की फार लागतं, तेव्हा तुम्हीच आधी सांगा. आणि १७ व्या वर्षी जायचं असेल तर आईवडिलांची सही लागते, म्हणजे आपल्याला पटलेलं असणं हाही तयारीचाच भाग झाला. आम्हाला पटायला चार महिने लागले.

आता नियम. तो स्वतः वाचा, कोणाच्या भाच्याने काय सांगितलं त्यावर जाऊ नका. डिफेन्स डिपार्टमेंटचं ६१३०.०३ नावाचं इन्स्ट्रक्शन आहे, त्याचा पहिला खंड नव्याने भरती होणाऱ्यांसाठी आहे आणि तो फुकट वाचायला मिळतो. त्यात मालअ‍ॅब्सॉर्प्शनच्या, म्हणजे अन्न आतड्यात नीट शोषलं न जाण्याच्या आजारांमध्ये सिलिअ‍ॅकचं नाव सरळ घेतलेलं आहे, आणि आत्ता असो की पूर्वी होतं असं असो, दोन्ही बाद. "आता आम्ही ग्लुटेन खात नाही, तो एकदम ठणठणीत आहे" हे तिथे चालत नाही. दुधाचं मात्र तसं नाही, लॅक्टोज पचत नसेल तर ते फार त्रासाचं असेल, वारंवार उपचार लागत असतील किंवा ड्युटीच्या आड येत असेल तरच अडतं, त्यामुळे ज्यांचं फक्त तेवढंच आहे त्यांनी उगाच जीव टांगणीला लावू नये. शेंगदाण्याने वगैरे अंगभर रिअ‍ॅक्शन आलेली असेल तर तो वेगळा आणि मोठा प्रश्न आहे, त्याला अ‍ॅलर्जीचा डॉक्टर गाठा.

म्हणून मेडिकलच्या तयारीत पहिलं काम म्हणजे मुलाला खरंच सिलिअ‍ॅक आहे का हे कागदावर पक्कं करणं, आणि इथेच आम्ही मार खाल्ला. तो १३ वर्षांचा असताना सुट्टीत पुण्याला गेलो होतो, तिथे पोट सारखं बिघडायचं म्हणून ब्लड टेस्ट केली, टीटीजी, म्हणजे या आजारासाठी रक्तात बघतात ती अँटिबॉडी, वाढलेलं आलं, डॉक्टर म्हणाले गहू बंद करा आणि आम्ही त्याच संध्याकाळपासून बंद केला. इथे परत येऊन एन्डोस्कोपी होईपर्यंत पाच महिने गेले, तोवर आतडं बरं झालेलं, बायोप्सी, म्हणजे नळीने काढलेल्या आतड्याच्या तुकड्याची तपासणी, नॉर्मल. आणि इथल्या डॉक्टरने आम्ही तोंडी सांगितलं त्यावरून फाइलमध्ये सिलिअ‍ॅक असं लिहून ठेवलं. म्हणजे निदान लिहिलेलं आहे पण पुरावा नाही, यापेक्षा वाईट कागद दुसरा नसेल. लक्षात ठेवा, रक्ताची टेस्ट आणि बायोप्सी दोन्ही गहू पोटात जात असतानाच करायच्या, आधी गहू बंद केला की काहीच धड दिसत नाही.

मग साडेसोळाव्या वर्षी पोटाच्या स्पेशालिस्टच्या देखरेखीखाली ग्लुटेन चॅलेंज करावं लागलं, म्हणजे काही आठवडे रोज मोजून गहू खायचा आणि मग परत तपासायचं. हे घरच्या घरी, मनाने कधीच करू नका. तीन वर्षांनी त्याच्यासाठी पोळी लाटली, तुपाचा हात लावून ताटात टाकली, तो म्हणाला आई विसरलोच होतो कशी लागते, आणि तिसऱ्या रात्री तो बाथरूमच्या फरशीवर गुडघे पोटाशी घेऊन पडलेला आणि मी दाराबाहेर बसून. डॉक्टरांशी बोलून आठ आठवडे पुरे केले. या वेळी बायोप्सीत स्पष्ट आलं, आहे. दुसऱ्या एखाद्याचं "नाही" येईल आणि त्याची वाट मोकळी होईल, म्हणूनच हे वेळेत करायचं, हायस्कूलच्या शेवटच्या वर्षी जाग येऊन उपयोग नाही.

कागदांची फाइल मुलानेच लावावी, तुम्ही फक्त फोन करा. बायोप्सीचा पॅथॉलॉजी रिपोर्ट, निदानापासून आजपर्यंतचे सगळे टीटीजीचे आकडे तारखेनिशी, हिमोग्लोबिन, फेरिटिन, व्हिटॅमिन डी, डॉक्टरांनी हाडांची डेक्सा करायला सांगितली असेल तर ती, उंची-वजनाचा ग्रोथ चार्ट, शाळेत कोणता खेळ किती वर्षं खेळला ते, आणि स्पेशालिस्टचं पत्र. त्या पत्रात "पेशंट चांगला आहे" एवढंच नको, शेवटचा त्रास कधी झाला, औषध काही आहे का, धावणं, ओझं उचलणं, उपाशी राहणं यावर काही बंधन आहे का, हे लिहून मागा. भारतातले रिपोर्ट असतील तर तेही मागवा, लॅबला जुना रेकॉर्ड शोधायला लावण्यासाठी कोणीतरी प्रत्यक्ष जाऊन उभं राहावं लागतं, आमच्या दिरांनी तीन चकरा मारल्या.

आणि हे आता मी अगदी कळकळीने सांगते, लपवू नका. "फॉर्मवर लिहूच नकोस, कोणाला कळतंय" असं म्हणणारे भेटतात, आम्हालाही भेटले. मेप्स म्हणजे जिथे भरतीची मेडिकल होते ते केंद्र, तिथे २०२२ पासून जेनेसिस नावाची सिस्टिम आहे, ती बाहेरच्या हॉस्पिटलांच्या रेकॉर्डपर्यंत पोचते, जुनी प्रिस्क्रिप्शन्ससुद्धा दिसू शकतात. शिवाय मुद्दाम लपवून भरती होणं हा लष्करी कायद्याने गुन्हा आहे. आणि पकडलं नाही गेलं तर ते जास्त भयंकर, कारण मग तो दहा आठवडे बेसिक ट्रेनिंगमध्ये समोर येईल ते खाणार आणि कोणाला सांगू शकणार नाही.

नियम इतका कडक का, हा राग मलाही होता. शेजारी एक निवृत्त सार्जंट राहतात, त्यांनी एक एमआरई आणून दिलं, म्हणजे फील्डवर मिळतं ते जेवणाचं मातकट रंगाचं जाड पाकीट. मुलाने ते डायनिंग टेबलवर फोडलं आणि एकेका पुडीवरचं बारीक अक्षर वाचत बसला. बिस्किटं, गहू. मेन डिशची ग्रेव्ही, दाट करायला गव्हाचं पीठ. केक, गहूच. उरलं काय तर पीनट बटर, कॉफी, मीठ, काड्यापेटी, चमचा आणि टिश्यू. एका पाकिटात साधारण १२५० कॅलरी असतात, त्यातल्या त्याच्या वाट्याला आलेल्या आम्ही बेरीज करून बघितल्या, तीनशेसुद्धा होईनात. मेनू २४ प्रकारचे असतात, पण कोणाच्या हातात कोणतं पाकीट येईल हे तिथे कोण ठरवणार. सार्जंटकाका एवढंच म्हणाले की तो आजारी पडला तर त्याची बॅग दुसरा कोणीतरी उचलणार. त्या दिवसापासून मुलगा स्वतःच नियमाला नावं ठेवायचा थांबला.

त्यानंतर आम्ही घरीच सराव सुरू केला. महिन्यातून एकदा तीन दिवस, फ्रिज नाही, गॅस नाही, फक्त पाठीवरच्या सॅकमध्ये मावेल तेवढंच, आणि रोज धावणं आणि ओझं घेऊन चालणं ठरल्याप्रमाणे. इथे आपली उपासाची यादी देवासारखी धावून आली, राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की, भाजलेले मखाणे, खजूर. पण खाचाखोचा आहेत. बाजारातल्या बांधीव हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं, हे मला तीन वर्षं माहीत नव्हतं, मी रोज फोडणीत घालत होते! गिरणीतून आणलेलं ज्वारीचं पीठ गव्हाच्याच जात्यातून आलेलं असतं, म्हणून पाकिटावर ग्लुटेन-फ्री लिहिलेलंच घ्या, इथे त्याचा अर्थ ग्लुटेन २० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाखात २० भागांच्या खाली. पोळपाट-लाटणं आणि तवा वेगळा. आणि मुलाला स्वतःचं स्वतः लेबल वाचून "हे मी खाणार नाही" असं मोठ्या माणसाला तोंडावर सांगता आलं पाहिजे, आमचा लाजायचा, त्याला हेच सगळ्यात जड गेलं.

वेव्हर म्हणजे मेडिकलमध्ये बाद झाल्यावरही नियमातून मिळणारी सूट, त्याबद्दल थोडक्यात. तो आपण थेट मागू शकत नाही, आधी मेप्सकडून बाद व्हावं लागतं आणि मग रिक्रूटरमार्फत ती फाइल वर जाते. प्रत्येक दलाचं वेव्हरचं ऑफिस वेगळं, त्यामुळे आर्मीने नाही म्हटलं म्हणजे नेव्हीचंही तेच असं धरून चालू नका. सिलिअ‍ॅकला वेव्हर मिळणं कठीण आहे हे मुलाला पहिल्याच दिवशी सांगा. ऑफिसर व्हायचं असेल, वेस्ट पॉइंट (आर्मीची अकॅडमी) किंवा आरओटीसीची (कॉलेजात शिकता शिकता ऑफिसर होण्याचं ट्रेनिंग) स्कॉलरशिप, तर मेडिकल डॉडमर्ब नावाच्या वेगळ्या बोर्डाकडून होते पण मापदंड तेच.

दुसरा रस्ता त्याच वेळी चालू ठेवा, नकाराची वाट बघत बसू नका. डिफेन्समध्ये युनिफॉर्मशिवायच्या नोकऱ्या भरपूर आहेत, आर्मीच्या इंजिनियरिंग विभागात, कोर ऑफ इंजिनियर्समध्ये तर बहुतेक लोक सिव्हिलियनच. सायन्स-इंजिनियरिंगवाल्या सिटिझन मुलांना स्मार्ट स्कॉलरशिप आहे, ती कॉलेजची फी भरते आणि नंतर डिफेन्सच्या लॅबमध्ये वगैरे काम करावं लागतं. आमच्याने तिचाही अर्ज भरलाय, सिव्हिल इंजिनियरिंगसाठी, आणि तो भरताना रडला, मी काही बोलले नाही, चहा करून दिला.

मेप्सच्या दिवसाचं राहिलं. कागद तपासून झाल्यावर त्याला फिजिकलला बोलावलं. लांबून येणाऱ्यांना आदल्या रात्री हॉटेलात ठेवतात, पहाटे अंधारात उठवून नेतात आणि दिवस कधी संपेल सांगता येत नाही, म्हणून खाण्याचा डबा बरोबर नेऊ का हे रिक्रूटरला आधीच विचारून ठेवा. ओरिजिनल आयडी, सोशल सिक्युरिटी कार्ड, चष्मा असेल तर त्याचा नंबर, फाइलच्या दोन कॉपी. आदल्या दिवशी मी ज्वारीच्या पातळ भाकऱ्या कडक भाजून, तुकडे करून, शेंगदाण्याच्या चटणीबरोबर पॅक केल्या, चार लाडू वेगळे. संध्याकाळी परत आला तेव्हा डबा रिकामा होता, दोन लाडू त्याने शेजारी बसलेल्या मुलाला दिले म्हणे. फाइल सध्या वेव्हरला गेलीये, सात आठवडे झाले.