माणूस गेला, करार राहिला: वारसांनो, या चुका टाळा

घरातलं माणूस गेलं की तेराव्यापर्यंत कोणी कागदांना हात लावत नाही. त्यानंतर ठाण्या-नवी मुंबईतल्या बहुतेक घरांत दोनपैकी एक वाक्य ऐकू येतं. "माणूसच गेला, आता कसला करार?" किंवा "बाबांची सगळी देणी माझ्या डोक्यावर आली." दोन्ही चूक. भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम ३७ सांगतं की करारात वेगळा हेतू दिसत नसेल, तर दिलेलं वचन वारसांना बांधतं. मात्र वारसांनी भरायचं ते मिळालेल्या वारशातून, स्वतःच्या पगारातून नव्हे.

सगळ्यात महाग पडते ती साठेखताची, म्हणजे पुढे विकण्याच्या कराराची चूक. समजा, वडिलांनी ऐरोलीतला फ्लॅट विकायला काढला, साठेखत नोंदवलं, दहा लाख घेतले आणि खरेदीखताआधीच गेले. मधल्या काळात भाव वाढलेला. मुलं म्हणतात, "सही बाबांची, आमची कुठंय?" हे चालत नाही. घेणारा कोर्टात जाऊन वारसांकडून खरेदीखत मागू शकतो. घेणाऱ्यानेही "त्यांचं दुःख ओसरू दे" म्हणत वर्षं घालवू नयेत. दाव्याची मुदत तीन वर्षांची आहे. करारात तारीख ठरलेली असेल तर ती त्या तारखेपासून मोजतात, नसेल तर नकार कळल्यापासून. भेटायला जरूर जा, पण लेखी नोटीसही द्या. घर सिडकोच्या लीजवरचं असेल तर वारसांची नावं सिडकोच्या दप्तरी चढवायचं काम आधी हातात घ्या.

कुलमुखत्यारपत्राचं (पॉवर ऑफ अॅटर्नी) मात्र नेमकं उलटं. दुबईतल्या भावाने वाशीचा गाळा विकण्यासाठी तुम्हाला मुखत्यार केलं आणि तो गेला, तर तुमचा अधिकारही संपला (करार कायद्याचं कलम २०१). तरीही त्याच पत्रावर सह्या ठोकणारे महाभाग असतात. पत्रावर "रद्द न होणारे" असं छापलं म्हणून ते टिकत नाही. त्या मालमत्तेत मुखत्याराचा स्वतःचा हितसंबंध असेल तरच कलम २०२ त्याला वाचवतं. गेलेल्या माणसाचं एटीएम कार्ड वापरणंही याच जातीचं. पैसे घरचेच असले तरी पुढे दुसरा वारस हिशेब मागतो.

अंगच्या कलेवर बेतलेला करार कलाकाराबरोबर संपतो. नौपाड्यातल्या लग्नाला ठरवलेले सनईवादक वारले, तर "मुलगाही वाजवतो, तोच येईल" असा हट्ट दोन्ही बाजूंना धरता येत नाही. आगाऊ रक्कम मात्र परत द्यावी लागते.

गृहकर्जात आधी पाहा की तुम्ही फक्त वारस आहात की सहकर्जदारही. सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही असेल तर वारशाची मर्यादा कामाला येत नाही. ते कर्ज तुमचंही आहे. नुसते वारस असाल, तर वसुलीवाल्याच्या फोनला घाबरून नव्या हमीपत्रावर सही करू नका. आधी कर्जाबरोबर विमा काढला होता का ते शोधा. घर तारण असतं, त्यामुळे हप्ता थकला तर बँक घरावर येणारच.

घर लिव्ह अँड लायसन्सवर दिलेलं असेल तर जुन्या कागदावर ढकलू नका. सगळ्या वारसांच्या सहीने नवा करार नोंदवा आणि अनामत रकमेची जबाबदारी त्यात लिहा. राहणाऱ्याने एकाच मुलाच्या हातात रोख भाडं ठेवू नये.

सोसायटीत नॉमिनी म्हणून नाव लागलं की थोरल्याला वाटतं, घर आपलं झालं. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात २०१९ मध्ये आलेल्या कलम १५४ब-१३ प्रमाणे नॉमिनी हा तात्पुरता सभासद असतो. मालकी मृत्युपत्राने किंवा वारसाहक्काने ठरते.

आणि दाखला काढताना गफलत करू नका. उत्तराधिकार प्रमाणपत्र बँकेतल्या ठेवी, शेअर, येणी यांच्यासाठी. फ्लॅटसाठी लोक तेच घेऊन येतात आणि हेलपाटा मारतात. त्यासाठी दिवाणी न्यायालयाचा वारस दाखला लागतो, जो आजही १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन ८ खाली मिळतो. अर्जात लग्न झालेल्या बहिणींची नावं गाळू नका. हरकत तिथेच निघते.