उतारावर कुंपण घालताना या चुका टाळा

कोकणात सपाट जमीन भाताला जाते आणि आंबा-काजूची बाग येते ती वरकस जमिनीत, डोंगरउतारावर. त्यामुळे इथे कुंपण घालायचं म्हणजे बहुतेक वेळा चढ-उतारावरच घालायचं. पण पोल उभे करणाऱ्यांचा हात बसलेला असतो तो सपाट प्लॉटवर. तिथली पद्धत जशीच्या तशी डोंगरावर आणली की पहिल्याच पावसाळ्यात कुंपण बोलायला लागतं.

राजापूर तालुक्यातल्या आमच्या काजूच्या बागेला आम्ही मे महिन्यात पाचपदरी काटेरी तार घातली. बागेच्या मधोमध एक घळ आहे, तिच्या तळाशी एक सिमेंटचा पोल होता. जूनच्या शेवटी बघायला गेलो तर तो पोल तारांना लटकत होता. बुडाला काँक्रीटचा गोळा तसाच चिकटलेला आणि त्या गोळ्याखाली वीतभर मोकळी जागा. हाताने ढकलला तर पाळण्यासारखा हलला. ज्यांनी काम केलं ते म्हणाले, पावसाने माती सैल झाली. माती सैल झाली हे खरंच, पण पोल वर कोणी ओढला? तारेने.

खोलगटातला पोल

ताणलेली तार नेहमी सरळ व्हायला बघते. दोन्ही काठांवर पोल आणि मधे खोलगट असेल, तर तार मधल्या पोलाला सतत वर खेचत राहते. उंचवट्यावर उलट होतं, तिथे तीच तार पोलाला खाली दाबते. म्हणून उंचवट्यावरचा पोल थोडा कमी गाडला तरी एकवेळ चालतं, पण खोलगटातला खड्डा सगळ्यात खोल हवा. तो तोंडापेक्षा बुडाशी रुंद खणायचा, म्हणजे काँक्रीटचा गोळा खाली फुगतो आणि मातीत अडकून बसतो. सरळ खड्ड्यातला गोळा बाटलीच्या बुचासारखा बाहेर येतो.

माती भुसभुशीत असेल तर आणखी एक करा. दोन-अडीच फूट खोल एक चिरा (जांभ्याचा घडीव दगड) पुरा, त्याला जाड जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली) तार बांधून वर घ्या आणि कुंपणाच्या तारांना खाली ओढून धरा. घळ जास्तच खोल असेल तर ताण तिच्यातून नेऊच नका. दोन्ही काठांवर कोपऱ्यासारखे टेके (तिरके आधार) दिलेले पोल उभे करून तिथेच तार संपवा आणि घळीचा तुकडा वेगळा बंद करा. आम्ही दुसऱ्या वर्षी हेच केलं, आणि आता मी सगळ्यांना हेच सांगतो.

खोलगट म्हणजे पाण्याचीही वाट. पऱ्याच्या, म्हणजे छोट्या ओढ्याच्या, आडवी जाळी मारली की पहिल्या लोंढ्यात पालापाचोळा, काटक्या सगळं तिला चिकटतं आणि तिथे बांध तयार होतो. मग पाणी त्या बांधासकट पोल घेऊन जातं. तिथे मुख्य जाळी पऱ्याच्या वरूनच न्या आणि खाली वेगळी झुलती जाळी सोडा, जी फक्त वरच्या बाजूने बांधलेली असेल. पाण्याच्या जोराने ती उचलली जाते, पाणी ओसरलं की परत खाली येते. पुरात तुटली तर तेवढीच तुटेल.

माप नकाशावरून घेणं

मोजणीच्या नकाशातली अंतरं आडवी असतात, तार मात्र जमिनीच्या चढाने जाते. हद्दीच्या दोन दगडांमधलं आडवं अंतर २०० फूट आणि उंचीतला फरक ६० फूट असेल, तर उतारावरची लांबी जवळजवळ २०९ फूट भरते. पाच पदर म्हणजे एका बाजूलाच ४५ फुटांच्या आसपास जास्तीची तार. मधले खड्डे-उंचवटे वेगळेच. दुकानात जाण्यापूर्वी टेप जमिनीवर टाकून चालत माप घ्या. त्याच फेरीत जिथे जिथे चढ बदलतो तिथे खुंटी ठोका. आधी पोल त्या खुंट्यांवर बसवायचे, मग मधली अंतरं आठ-दहा फुटांनी भागवायची. समान अंतराच्या हट्टापायी पोल उंचवट्याच्या अलीकडे-पलीकडे पडला तर तार मधल्या मातीत घासते.

पोल उताराला काटकोनात उभा करणं

डोळ्याला तो बरोबर वाटतो, कारण आजूबाजूची जमीनच तिरकी असते. ओळंबा लावूनच पोल उभा करा. आणि खड्ड्याची खोली उताराच्या खालच्या कडेपासून मोजा. वरच्या कडेने दोन फूट भरलेला खड्डा खालच्या कडेने दीडच फूट असतो, आणि पोलाला आधार कमी असतो तो नेमका याच बाजूला. सात फुटी पोल किमान दोन फूट आत हवा.

कोपऱ्याला दोन्ही तारांच्या दिशेने एकेक टेका लागतो हे सगळ्यांना माहीत असतं. चढ एकदम बदलतो तिथेही टेका लागतो, आणि तो मात्र राहून जातो.

चुकीची जाळी

चेनलिंक जाळी, म्हणजे तारा एकमेकींत गुंफलेली जाळी, उताराला वळते. एक टोक पोलाला बांधून दुसरं टोक खाली सरकवत नेलं की तिचे चौकोन तिरके होतात आणि वरची कड जमिनीच्या चढाने चालते. वेल्डमेशला, म्हणजे तारा वेल्डिंगने जोडलेल्या जाळीला, हे जमत नाही, तिचे सांधे पक्के असतात. ती ओढून बसवली की फुगे येतात. वेल्डमेश किंवा तयार पॅनेल घ्यायचंच असेल तर पायऱ्या पायऱ्यांनी बसवावं लागतं, आणि मग पोल जास्त उंच लागतात. आठ फुटांच्या पॅनेलमागे दोन फूट उतार असेल तर खालच्या टोकाशी दोन फुटांचं त्रिकोणी भगदाड राहतं.

रानडुकराला एवढी जागा भरपूर झाली. ते सहसा उडी मारत नाही, नाक घालून खालून उचकटतं. त्या भगदाडात आमच्याकडे जांभ्याचा सुका गडगा (सिमेंट न लावता दगडांवर दगड रचलेली भिंत) रचतात, आणि त्यापेक्षा चांगला उपाय मला सापडलेला नाही. दगडांच्या फटीतून पाणी निघून जातं, डुक्कर मात्र अडतं. सगळीकडे सलग काँक्रीटची पडदी बांधाल तर वरच्या अंगाला पाणी तुंबेल.

कातळावरचा खड्डा

सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, फूटभर खणलं की कातळ लागतो आणि मजूर तिथेच थांबतात. वाटीसारख्या त्या खड्ड्यात पावसाचं पाणी साचतं आणि लोखंडी अँगल जमिनीलगत गंजतो. ड्रिलने कातळात भोक पाडून अँगल सिमेंटमध्ये बसवा, आणि वरचा सिमेंटचा भाग पोलाकडून बाहेर उतरता घोटा, म्हणजे पाणी टेकणार नाही.

बेडं किंवा फाटक शक्यतो सपाटीला ठेवा. उतारावर ठेवावं लागलं तर ते खालच्या बाजूला उघडेल असं बघा. चढाकडे उघडणारं फाटक अर्ध्यातच जमिनीला टेकतं.

काम दिवाळीनंतर काढा. तेव्हा मातीत ओल असते, पहार सहज जाते, आणि काँक्रीटला सात दिवस पाणी मारायला विहिरीतही पाणी असतं. ते सात दिवस तार ओढायची नाही, मजूर दुसरीकडे जाण्याची घाई करत असले तरी. आमच्या घळीतल्या त्या पोलाला आम्ही दोनच दिवस दिले होते.